कातकामाचे मंडळ : शेजारच्या हाताकडून शिकण्याची विद्या

'कातणे' हा शब्द उच्चारला की आज आपल्या डोळ्यांसमोर चरखा आणि सूत येते. परंतु मराठीत या क्रियापदाला आणखी एक जुना अर्थ आहे. फिरत्या लाकडाला धारदार हत्यार लावून त्याला गोल आकार देणे म्हणजेही कातणेच होय. हे काम करणारा तो कातारी आणि त्याने घडविलेला खांब तो कातीव खांब. पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब, बाजेचे पाय, लाटणे, भोवरा, बुद्धिबळातील प्यादी, जुन्या चाळीच्या जिन्यातील कठड्याचे गज या साऱ्या वस्तू कातकामातूनच तयार होतात. यांपैकी एकही वस्तू नाही असे मराठी घर सापडणे कठीण. मात्र ती वस्तू कोणी आणि कशी घडविली हे सांगू शकणारा माणूस सापडणे आता त्याहून कठीण झाले आहे.

पाश्चात्त्य देशांत गेल्या चार दशकांत हे काम छंद म्हणून करणाऱ्यांची स्थानिक मंडळे मोठ्या संख्येने उभी राहिली. आपल्याकडेही लाकूडकामाची हौस असलेले लोक पुष्कळ आहेत. निवृत्त अभियंते आहेत, संगणकासमोर दिवस काढणारे तरुण आहेत, स्वयंपाकघरासाठी चांगल्या लाकडाच्या वस्तू शोधणाऱ्या गृहिणीही आहेत. त्यांतील बहुतेकजण इंटरनेटवरील चित्रफिती पाहून एकट्यानेच काम सुरू करतात आणि थोड्याच दिवसांत सोडूनही देतात. हौस कमी पडल्यामुळे असे होते असे नव्हे. आपल्या हाताचे काय चुकते आहे हे सांगणारे शेजारी कोणी नसते, हे त्यामागचे खरे कारण होय. मंडळाचा पहिला आणि सर्वांत मोठा लाभ हाच आहे. बाकीचे लाभ त्याच्या मागून येतात.

या लेखासाठी आपण मुळशी तालुक्यातील चांदे हे गाव डोळ्यांसमोर ठेवू. पुण्याच्या पश्चिमेला नांदे, सूस, म्हाळुंगे, लवळे या गावांच्या सोबतीने वसलेले हे गाव. एका बाजूला हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि भातखाचरे. सूस व म्हाळुंगे ही शेजारची गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. या पट्ट्यात गृहसंकुले व गावठाण आज एकमेकांना खेटून उभी आहेत. कातकामाच्या मंडळाला असा परिसर का मानवेल, याचा विचार पुढे येईलच. आधी हे काम नेमके असते कसे ते पाहू.

यंत्र साधे, काम अवघड

कातकामाचे यंत्र म्हणजे लेथ. सुताराच्या इतर कामात लाकूड स्थिर असते आणि करवत किंवा रंधा फिरतो. येथे उलट असते. लाकूड दोन टोकांमध्ये धरून फिरविले जाते आणि हत्यार हाताने टेक्यावर स्थिर धरायचे असते. ही कल्पना फार प्राचीन आहे. इजिप्तमधील पेटोसिरिस याच्या इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षांच्या थडग्यात लेथवर काम करणाऱ्या दोघांचे चित्र आहे. त्यांतील एकजण दोरीने लाकूड फिरवितो व दुसरा हत्यार धरतो. कच्छमधील निरोणा गावातील वाढा समाजाचे कारागीर दोरीच्या कमानीने फिरणाऱ्या हातलेथवर लाखेचे रंगकाम करतात. जमिनीवर बसावे, एका हाताने कमान मागेपुढे ओढावी, दुसऱ्या हाताने पटाशी धरावी आणि तिला पायाच्या बोटांचा आधार द्यावा, अशी आपल्याकडच्या कारागिरांची जुनी बैठक असे. विजेची मोटार आली तेव्हा कमान गेली आणि कारागीर उभा राहिला; पण पटाशी कशी धरायची हा प्रश्न होता तसाच राहिला.

कातकामाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. पहिल्यात लाकडाचे तंतू यंत्राच्या अक्षाला समांतर असतात. लाटणे, खांब, भोवरा ही कामे या प्रकारात मोडतात. दुसऱ्यात तंतू अक्षाला आडवे असतात. वाडगे, परात, खोलगट ताट या वस्तू अशा होतात. नवशिक्याला हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तो सर्व काही बदलून टाकतो. लाटणे कातताना हत्यार जाड भागाकडून बारीक भागाकडे न्यावे लागते. वाडग्याच्या बाहेरच्या अंगाला मात्र ते बुडाकडून काठाकडे न्यायचे असते. शिवाय वाडगा एक फेरा पूर्ण करीत असताना हत्याराला दोनदा तंतूंची उभी टोके आणि दोनदा त्यांच्या कडा भेटतात. हात जरा चुकला की टोके उपटली जातात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. मग हौशी मनुष्य पॉलिश पेपर घेऊन बसतो व तासभर धूळ उडवितो. चांगल्या धारेने आणि योग्य दिशेने कातलेल्या लाकडाला पॉलिश पेपर फार कमी लागतो, हे ज्याने पाहिलेले नसते त्याला सांगूनही पटत नाही.

याच टप्प्यावर मंडळाची गरज प्रथम जाणवते. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी हौसेने एक लहान लेथ घेतला आणि महिनाभर एकट्याने खटपट केली. पटाशी लाकडात अडकून जोराचा झटका बसे. एकदा तर आंब्याच्या लाकडाचा अर्धा झालेला वाडगा चकमधून निसटून भिंतीवर आदळला. पुस्तक उघडले, चित्रफिती पुन्हा पाहिल्या, तरी कारण कळेना. पुढे एका वृद्ध कातारी गृहस्थांनी दारात उभे राहून दोन मिनिटे ते काम पाहिले, टेका अर्ध्या बोटाने वर उचलला आणि पटाशीची मूठ खाली दाबली. धारेमागचा उतार आधी लाकडाला नुसता टेकू द्यायचा आणि मग मूठ हळूहळू उचलून धार आत येऊ द्यायची, एवढेच त्यांनी सांगितले. त्या क्षणापासून लाकडाची लांब, सलग सालपटे निघू लागली. चित्रफितीतही नेमके हेच सांगितलेले होते. परंतु चित्रफीत आपला हात पाहू शकत नाही.

धार लावणे हा असाच दुसरा विषय. कातताना हत्याराची धार काही मिनिटांतच मंदावते, विशेषतः बाभूळ किंवा चिंचेसारख्या कठीण लाकडावर. अनुभवी माणूस एका वाडग्यासाठी अनेकदा सहाणेकडे जातो. नवशिक्या मात्र बोथट पटाशी अधिक जोराने दाबतो आणि नेमका तेथेच अपघात होतो. धार लावायला फिरती सहाण लागते आणि हत्यार ठरावीक कोनात धरण्याची जोडणीही लागते. हे सर्व एकट्याने विकत घ्यायचे म्हटले तर लेथच्या खर्चात मोठी भर पडते. पंधरा-वीस जणांत एक चांगली सहाण पुरेशी असते. महिन्यातून एक दिवस केवळ धार लावण्यासाठी ठेवणाऱ्या मंडळातील सदस्यांचे काम काही महिन्यांत ओळखू येईल इतके सुधारते.

सुरक्षितता ही चैन नव्हे

लेथ हे घरगुती यंत्रांत तुलनेने सौम्य समजले जाते, परंतु ही समजूत अर्धवट आहे. दहा इंच व्यासाचा वाडगा मिनिटाला ९०० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याचा काठ ताशी सुमारे ४३ किलोमीटर वेगाने धावत असतो. लाकडात न दिसणारी भेग असेल तर तो तुकडा समोरच्याच्या चेहऱ्याकडे येतो. वेग ठरविण्याचा कातारी मंडळींमध्ये रूढ असलेला एक ठोकताळा असा : लाकडाचा इंचातील व्यास आणि मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या यांचा गुणाकार सहा हजार ते नऊ हजारांच्या दरम्यान राहावा. म्हणजे दहा इंची वाडग्याला सहाशे ते नऊशे फेऱ्या. लाकूड ओबडधोबड असेल तर याहूनही कमी वेगाने आरंभ करावा.

चेहऱ्यावर संपूर्ण झाकणारे पारदर्शक आवरण हवे. साधा चष्मा पुरत नाही. लेथवर हातमोजे घालू नयेत, कारण मोज्याचे टोक अडकले की हातही ओढला जातो. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातील साखळी, मंगळसूत्र, मोकळे केस यांच्या बाबतीत कोणतीही भीड बाळगू नये. धूळ हा अधिक हळू पण अधिक गंभीर धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या घटकांत केला. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. योग्य प्रतीचा मास्क आणि धूळ ओढून घेणारा पंखा, दोन्ही हवेत. चौथ्या मजल्यावरील सदनिकेच्या बाल्कनीत हे शक्य नसते. तेथे धुळीला वाट नसते आणि यंत्राच्या आवाजावरून शेजाऱ्यांशी वितुष्ट येते ते वेगळेच.

एक बाब फारशी कोणी सांगत नाही. वस्तूला लावायचे जवसाचे तेल, विशेषतः बाजारात मिळणारे उकळलेले तेल, फडक्याला लागले आणि ते फडके बोळा करून कोपऱ्यात टाकले, तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. कामानंतर फडके पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून टाकावे. मंडळाच्या भिंतीवर हा नियम मोठ्या अक्षरांत लावलेला असावा. एकट्याने काम करणाऱ्याच्या भिंतीवर असे फलक नसतात, आणि अपघात झालाच तर धावून येणारेही कोणी नसते. लेथ सुरू असताना खोलीत किमान दोन माणसे हवीत, हा एकच नियम पाळला तरी मंडळाने आपले काम केले असे म्हणावयास हरकत नाही.

सावंतवाडीत काय घडले

महाराष्ट्रात लाकडी वस्तूंचे नाव निघाले की प्रथम सावंतवाडी आठवते. तेथील चितार आळी, लाकडी फळे, लाखेचे रंग, पाट, खेळणी यांचा लौकिक जुना आहे. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडातून घडविलेली आंबा, सीताफळ, केळी ही फळे आजही कित्येक घरांच्या शोकेसमध्ये दिसतात. परंतु येथे सांगायची गोष्ट फळांची नव्हे, तर गंजिफेची आहे. गंजिफेची गोल पाने लेथवर होत नाहीत. कापड वा कागदाच्या थरांना चिंचोक्याची खळ देऊन ती तयार होतात व नंतर हाताने रंगविली जातात. तरीही एखादी विद्या कशी विझते आणि कशी पुन्हा पेटते, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याकडे नाही.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी ही कला जवळजवळ अस्ताला गेली होती. ती जाणणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते. सावंतवाडी संस्थानचे शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात कारागिरांना काम करण्यासाठी जागा दिली आणि गंजिफेबरोबर लाखेच्या लाकडी वस्तूंचेही काम तेथे सुरू झाले. शिवरामराजे १९९५ मध्ये आणि सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये निवर्तल्या. राजवाड्यात गेलेल्या प्रवाशाला कारागीर काम करताना पाहता येतात, ही त्यांची देणगी होय.

या घटनेचे वर्णन बहुधा राजाश्रय म्हणून केले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. निव्वळ पैसे देऊन वस्तू विकत घेतल्या असत्या तर कला आणखी काही वर्षे, म्हणजे त्या वृद्ध कारागिराच्या हयातीपुरती, टिकली असती. येथे शिकणारे स्वतः खाली बसले. ज्या घराण्यासाठी चिताऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केले, त्याच घराण्यातील माणसे शिष्य झाली. विद्या एका कुटुंबाच्या चौकटीतून बाहेर पडली आणि एका छताखाली अनेक हातांत गेली. आपण ज्याला आज मंडळ म्हणतो त्याचे मर्म यापेक्षा वेगळे काय आहे?

शेजारच्या कर्नाटकातील चन्नपटण येथेही असाच अनुभव आहे. तेथील लेथवरची खेळणी काळ्या कुड्याच्या पांढऱ्या, मऊ लाकडाची असतात. रंगीत लाखेची कांडी फिरत्या खेळण्यावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते आणि नंतर केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी दिली जाते. पूर्वी हे काम मुख्यतः पुरुषांच्या हाती होते. पुढे तेथे प्रशिक्षण केंद्रे निघाली आणि स्त्रियाही लेथवर बसू लागल्या. बापाकडून मुलाकडे जाणारी वाट अरुंद असते. मुलगा शहरात नोकरीला गेला की ती संपते. सामायिक कार्यशाळा ही वाट रुंद करते.

गिल्ड आणि क्लब

लंडनमधील कातारी मंडळींच्या संघाला राजा पहिला जेम्स याने १६०४ मध्ये सनद दिली. असे संघ धंद्याचे रक्षण करीत. कोणी काम करावे, कोणाला शिकवावे, मालाचा दर्जा काय असावा, हे ते ठरवीत आणि बाहेरच्याला सहजी आत घेत नसत. आपल्याकडे जातीच्या व घराण्याच्या चौकटीने हेच काम केले. आधुनिक मंडळ याच्या नेमके उलट असते. अमेरिकेत १९८६ मध्ये कातकाम करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तर ब्रिटनमध्ये त्याच्या पुढच्याच वर्षी. अमेरिकन संघटनेशी आज साडेतीनशेहून अधिक स्थानिक शाखा जोडलेल्या आहेत. महिन्यातून एकदा एखाद्या शाळेत किंवा सदस्याच्या गॅरेजमध्ये जमायचे, एकाने लेथवर प्रात्यक्षिक करायचे, आणि इतरांनी आपापल्या वस्तू टेबलावर मांडून त्यावर बोलायचे, असा त्यांचा साधा क्रम असतो.

हे टेबल वरवर गमतीचे वाटते, पण शिक्षणाचा मोठा भाग तेथेच घडतो. चांगली झालेली वस्तू सगळेच आणतात. तडकलेला वाडगा घेऊन येणारा सदस्य अधिक उपयोगाचा असतो, कारण त्याच्या वाडग्यावरून अर्धा तास चर्चा होते आणि पाचजणांचे पुढचे वाडगे वाचतात. यातील अनेक शाखा गंभीर आजाराशी झुंजणाऱ्या मुलांसाठी झाकणाच्या लहान डब्या कातून देतात. ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकापासून निवृत्त पुरुषांसाठी शेडमधील सामायिक कार्यशाळांची चळवळ सुरू झाली आणि २००७ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. समोरासमोर बसून मन मोकळे न करणारी माणसे शेजारी उभी राहून काम करताना बोलू लागतात, असा तेथील अनुभव सांगितला जातो. आपल्याकडील निवृत्तांना बाकावर बसून राजकारण बोलण्याची सवय आहे हे खरे. तरीही हातात काम असताना होणारे बोलणे वेगळे असते.

पुणे जिल्ह्यालाही सामायिक कार्यशाळेची कल्पना नवी नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकणे हे त्याचे सूत्र. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली. एका दुष्काळी भागातील खेड्यात यंत्रे सर्वांसाठी खुली ठेवता येतात हे पाबळने दाखविले. पुण्याच्या वेशीवर ते अशक्य असण्याचे कारण नाही.

चांद्याचा परिसर व तेथील लाकूड

सदनिकेत राहणाऱ्याकडे हौस असते, पण जागा नसते. गावात जागा असते, पण लेथवर वेळ घालविण्याइतकी फुरसत बहुधा नसते. चांदे-नांद्याच्या पट्ट्यात ही दोन्ही माणसे दोन किलोमीटरच्या आत राहतात. जुना गोठा, बंद पडलेली गिरणी किंवा रिकामे गोदाम यांपैकी काहीही मंडळाला चालण्यासारखे असते. लहान लेथला अर्धा ते एक अश्वशक्तीची मोटार असते आणि ती घरगुती विजेवर चालते. गावच्या सुताराने एकेकाळी बैलगाडीच्या चाकाला बाभळीचा तुंबा बसविला, आरे ठोकले, नांगर केला. ती मागणी सरली. सुताराच्या घरी लाकडाची जी पारख शिल्लक असते ती मात्र कोणत्याही प्रशिक्षणवर्गात मिळत नाही.

लाकूड हा येथील दुसरा अनुकूल मुद्दा. कातकामाला मोठ्या फळ्या लागत नाहीत. वखारीत जळणाच्या भावाने जाणारे ओंडके, फांद्यांचे दोन हातांचे तुकडे, घराच्या जुन्या तुळयांचे अवशेष एवढे पुरते. पावसाळ्यात पुणे व परिसरात आंबा, सुबाभूळ, गुलमोहर, शिरीष, वर्षावृक्ष अशी झाडे उन्मळून पडतात किंवा त्यांची छाटणी होते. हे लाकूड बहुधा चुलीत किंवा भट्टीत जाते. मात्र ते हवे तेव्हा उचलून आणता येते असे समजू नये. शहरी भागात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे आणि ग्रामीण भागात वृक्षतोडीचे नियम वेगळे आहेत. पडलेले झाडही कोणाच्या तरी मालकीचे असते. मंडळाच्या नावाने रीतसर अर्ज करणे एकट्याने गुपचूप ओंडका आणण्यापेक्षा सोपे आणि सन्मानाचे असते.

प्रत्येक लाकडाचा स्वभाव वेगळा. हेदीचे पिवळसर, सलग पोताचे लाकूड कातकामासाठी पूर्वीपासून नावाजलेले आहे. शिवण हलकी व स्थिर, बाभूळ कठीण व जड. लाटण्याला बाभूळ किंवा शिसव चांगली. आंबा सहज कातला जातो, पण ओला असताना त्याला डाग व कीड लवकर लागते. सुबाभळीचेही तसेच. पुण्याच्या हवेत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की ओल्या लाकडाचा वाडगा दोन दिवसांत तडकतो, तर जुलैमध्ये तोच वाडगा फुगून लंबगोल होतो. म्हणून वाडगा दोनदा कातण्याची रीत आहे. प्रथम ओल्या लाकडातून जाडजूड आकार काढावा. त्याच्या भिंतीची जाडी व्यासाच्या दहावा हिस्सा, म्हणजे दहा इंची वाडग्याला एक इंच असावी. तो काही महिने सावलीत ठेवावा, वाळून वाकडा झाला की पुन्हा लेथवर चढवून गोल करावा. फळीसाठी तर एका इंच जाडीला एक वर्ष असा जुना हिशेब आहे. एकट्याला इतका धीर नसतो. मंडळाच्या मांडणीवर मात्र मागच्या वर्षीचे वाळलेले वाडगे नवीन सदस्याची वाट पाहत असतात.

शिकण्याचा क्रम ठरलेला असावा. प्रथम लाटणे, कारण ते सरळ असते व चुका लगेच दिसतात. मग भोवरा. भोवऱ्याचा तोल चुकला की आर जमिनीवर टेकताच तो थरथरतो आणि जाळी नीट गुंडाळूनही उपयोग होत नाही. परीक्षक म्हणून घरातली मुले पुरतात. त्यानंतर रवी, झाकणाची डबी आणि सर्वांत शेवटी वाडगा. बहुतेक हौशी मंडळी नेमकी वाडग्यापासून सुरुवात करतात. लेखकानेही तेच केले होते, हे वर आलेच आहे.

एक अडचणीचा प्रश्न

अशा मंडळांविषयी लिहिताना एक गोष्ट टाळली जाते. हौशी माणसाला आपल्या वस्तूचे पैसे मिळाले नाहीत तरी चालते. प्रदर्शनात तो आपले लाटणे लाकडाच्या किमतीत विकतो आणि कौतुकावर समाधान मानतो. त्याच प्रदर्शनाबाहेर बसलेल्या कारागिराचे पोट मात्र त्या लाटण्यावर असते. एकसारखी लाटणी काढणाऱ्या स्वयंचलित यंत्रांनी त्याची अर्धी कमाई आधीच नेली आहे. उरलेली हौशी मंडळींनी नेऊ नये. मंडळाने वस्तू विकायच्याच असतील तर कारागिराच्या भावाने किंवा त्याहून चढ्या भावाने विकाव्यात, आणि शिकवायला येणाऱ्या कातारी वा सुताराला रीतसर मानधन द्यावे. शाल-श्रीफळ देऊन त्याची बोळवण करू नये. आपल्याकडे शास्त्रीय गायकाला बिदागी दिली जाते आणि सुताराला चहा पाजला जातो. हा भेद मंडळाच्या दारात तरी थांबावा.

हौशी मंडळाकडून कारागिराला मिळू शकेल असेही बरेच आहे. सदस्यांतील कोणी अभियंता धूळ ओढणारा पंखा बसवून देतो, कोणी नवीन आकारांची चित्रे आणतो, कोणी चांगल्या वस्तूचा योग्य दाम मोजणारे ग्राहक जोडतो. स्वयंपाकघरातील वस्तूंना बाजारात दिले जाणारे चकचकीत रसायनी वार्निश नको असलेली गिऱ्हाइके आज वाढली आहेत. त्यांना कच्चे जवसाचे तेल आणि मधमाश्यांचे मेण लावलेली वस्तू हवी असते. हे दोघांनाही एकमेकांकडून कळते.

आरंभ कसा करावा

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये किमान सात सदस्य असतील तर संस्था नोंदविता येते, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखालीही नोंदणी करावी लागते. परंतु नोंदणीची घाई करू नये. घटना, पदाधिकारी आणि शिक्के यांवर पहिले वर्ष खर्ची पडलेली मंडळे आपण पुष्कळ पाहिली आहेत. आधी पाच-सहा जणांनी एकाच्या शेडमध्ये दर महिन्याच्या ठरलेल्या रविवारी जमावे. लहान आकाराचे नवे यंत्र काही दहा हजार रुपयांत मिळते, मोठे लाखाच्या पुढे जाते. सुरुवातीला जुने पण भक्कम यंत्र घेतलेले बरे. खरा खर्च हत्यारे, चक, सहाण व चेहऱ्याची आवरणे यांचा असतो आणि तो वाटून घेता येतो. किल्ली दोघांकडे असावी. यंत्रावर कोणी कधी काम केले याची वही असावी, कारण भांडणे बहुधा पैशावरून न होता कोणी पटाशी बोथट करून ठेवली यावरून होतात.

सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसाशिवाय लेथवर उभे करू नये, परंतु त्यांना दूरही ठेवू नये. भोवऱ्याला रंग देणे, पॉलिश पेपर लावणे, लाकडे ओळखणे ही कामे त्यांना आवडतात. ज्यांचे गुडघे दुखतात अशा ज्येष्ठांसाठी एक यंत्र बसून चालविता येईल इतक्या उंचीवर बसवावे. आपल्या जुन्या कारागिरांची तीच तर रीत होती.

पहिल्या बैठकीसाठी यंत्रही लागत नाही. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, रीतसर परवानगीने मिळालेला आंब्याचा किंवा सुबाभळीचा ओंडका आणावा. तो मध्यावर उभा चिरून गाभ्याचा भाग काढून टाकावा, कारण तडा तेथूनच जातो. दोन्ही टोकांना वितळलेले मेण फासावे, सावलीत विटांवर ठेवावा आणि प्रत्येक तुकड्यावर झाडाचे नाव व तारीख खडूने लिहावी.